पाया पडू नका, मावशी

आमच्या सासरच्या महालक्ष्म्या नागपूरच्या महाल भागात, मोठ्या जाऊबाईंकडे बसतात. पुढे बोळ, आत शिरलं की थंडगार माजघर, फुलोऱ्याखाली ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या आणि त्यांच्या पुढ्यात त्यांची दोन बाळं. जेवणाच्या दिवशी आंबिलीचा, पुरणाचा आणि सोळा भाज्यांच्या वाफेचा वास त्या घरात असा भरून राहतो की रात्री घरी आल्यावरही तो साडीला येत असतो. माझी लेक चौथीत आहे. तिला वाढायला फार आवडतं. मोठ्यांच्या हातात वरणभाताची पातेली, हिच्या हातात मीठ आणि लिंबाच्या फोडींचं ताट. वाकून वाकून, जीभ दातात धरून, ती प्रत्येकाच्या पानात चिमूटभर मीठ ठेवत होती. पहिली पंगत उठली. जाऊबाईंच्या माहेरच्या एक मावशी उमरेडहून आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या हात धुऊन पदराला पुसत होत्या, तेव्हा जाऊबाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मावशींनी आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या जवळ आल्या, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला काही कळायच्या आत माझ्या पायाशी वाकल्या. "पाया पडू द्या बाई मले. एवढं पुण्य आजच्या काळात कोण करते? लेकराचं नशीब काढलं तुमी."

मी त्यांना खांद्यांना धरून उठवलं. "पाया पडू नका, मावशी," एवढंच बोलता आलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, अगदी खरं. तेवढ्यात दुसरी पंगत बसली, कोणीतरी मीठ मागितलं, आणि लेक ताट घेऊन तिकडे गेली.

मावशींना सावरण्याच्या नादात मला तिचा चेहरा दिसला नाही.

परतताना गांधीसागरच्या बाजूनं स्कूटरवर येत होतो. ती मागं बसून उद्याच्या परिसर अभ्यासाच्या चाचणीबद्दल बोलत होती, नेहमीसारखी. मी काही विचारलं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस भांडी घासताना, बँकेच्या रांगेत, रात्री दिवा मालवल्यावर तो प्रसंग आठवत राहिला. मुलगी दत्तक घेतली म्हणून लोक आम्हाला टोचून बोलले, त्याचं मला आता फार काही वाटत नाही. गोकुळपेठेच्या बाजारात एका ओळखीच्या गृहस्थांनी मेथीची जुडी निवडता निवडता "किती पडले हो?" असं विचारलं होतं. त्यांना मी तिथंच सांगितलं की मुलाची किंमत नसते, संस्थेचं शुल्क सरकारनं ठरवून दिलेलं असतं आणि त्याची पावती मिळते. "जात कोणती लागली?" असं तर या शहरात, दीक्षाभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या सुशिक्षित बाईनं विचारलं. तिलाही उत्तर देता आलं. "रक्त शेवटी रक्तच असते" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची गरजसुद्धा वाटत नाही. पण ज्यानं हात जोडले, ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला काय सांगायचं? अपमान झाला तर माणूस ताठ उभा राहतो. गौरव झाला की संकोचून गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यातच गौरव मान्य होऊन जातो.

आणि तो मान्य करणं मला जमत नाही, कारण तो खोट्या गोष्टीवर उभा आहे. आम्हाला मूल हवं होतं. बस, इतकंच होतं. धंतोलीतल्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, पोटात सुया टोचून घेतल्या होत्या, दर महिन्याला एक आशा बांधून ती दर महिन्याला सोडली होती. त्यातून बाहेर पडल्यावर नवरा एकदा अंबाझरीच्या बांधावर बसून म्हणाला, "आपल्याला गरोदरपण हवं आहे की मूल हवं आहे?" त्या प्रश्नानं आमचा रस्ता बदलला. त्यात कोणाचा उद्धार करावा, समाजाचं ऋण फेडावं असं काही मनात नव्हतं. भुकेल्या माणसानं जेवावं आणि लोकांनी त्याला अन्नदाता म्हणावं, तसं ते पुण्य मला वाटतं. "स्वतःचं होत नव्हतं म्हणून घेतलं," असं कोणी कुजबुजलं तर ते जास्त खरं आहे. त्यात राहून जातं ते एवढंच की पहिल्या रात्री ती माझ्या दंडावर गाल ठेवून झोपली, तेव्हापासून 'स्वतःचं' आणि 'घेतलेलं' ही विभागणी माझ्या अंगातूनच निघून गेली. ते कोणाला समजावून सांगता येत नाही, आणि सांगावं असंही वाटत नाही.

घरी पाहणीला आलेल्या समाजसेविका आठवतात. गृहभेट म्हटल्यावर सासूबाईंनी घर इतकं घासलं होतं की फरशीवर पाय घसरत होते. संत्रा बर्फी आणून ठेवली होती. त्यांनी बर्फी बाजूला सारली, पाणी घेतलं आणि विचारलं, "मूल तुमच्यासारखं दिसलं नाही तर?" मग विचारलं, पहिलं वर्ष घरी कोण राहणार, चिडल्यावर तुम्ही काय करता, सासूबाईंना काय वाटतं, त्यांच्या तोंडून ऐकायचंय. आणि शेवटी वही मिटता मिटता, "मोठं होऊन त्याला जन्मदात्या आईला शोधावंसं वाटलं तर तुम्ही काय कराल?" आम्ही दोघंही गप्प झालो. तोपर्यंत आमच्या स्वप्नात एक बाळ होतं, एक पाळणा होता, आणि आम्ही दोघं होतो. तिथं आणखी एक बाई आहे, हे त्यांनी पहिल्यांदा आमच्या घरात, आमच्या सोफ्यावर बसून सांगितलं. ती कोण, कुठली, जिवंत आहे की नाही, काही ठाऊक नाही. पण ती आहे. तिला वगळून पुढं जाता येणार नाही.

वाट पाहण्याच्या त्या काळात आणखी एक गोष्ट घडली. दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी झालेली, ज्येष्ठता यादीत आमचा क्रमांक मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होता. एक हितचिंतक घरी आले. आवाज खाली करून म्हणाले, "काहून एवढी वाट पाहून राहिले? माझी ओळख आहे. पोरगी लग्नाची नाही, दिवस भरत आले. दाखल्यावर सरळ तुमचंच नाव लागते. कोणाले मालूम पडत नाही." त्यांनी हे प्रेमानंच सांगितलं. पैशांचा आकडाही सांगितला, तोही मदत म्हणून. रात्रभर झोप लागली नाही, हे खरं आहे. मूल हवं असलेल्या माणसाच्या कानात कोणी 'पुढच्या महिन्यात' असं म्हटलं की त्याचं काय होतं, हे त्या जागी बसल्याशिवाय कळत नाही. नवऱ्यानं सकाळी फोन करून नको सांगितलं. कायद्यानं यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड किंवा दोन्ही आहे, मूल विकणाऱ्यांना त्याहून जास्त. पण आम्हाला अडवलं ते शिक्षेच्या धाकानं नाही. त्या पोरीला, जिचे दिवस भरत आले होते, तिला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मनातून जात नव्हता. बालकल्याण समितीपुढं मूल सोपवणाऱ्या आईला ६० दिवस मिळतात, मन बदललं तर बाळ परत न्यायला. ओळखीच्या रस्त्यात तिला साठ मिनिटंही मिळत नाहीत. तिच्या हातून बाळ जातं, आणि दाखल्यावर दुसरीचं नाव लागलं की ती कधी बाळंत झालीच नव्हती असं ठरतं. बाळाच्याही हातात मोठं झाल्यावर शोधायला एक कागद उरत नाही.

पुढं आपल्याच नागपुरात बाळविक्रीची प्रकरणं पोलिसांनी उघडकीस आणली, पेपरात रकानेच्या रकाने आले. लोकांनी दलालांना शिव्या घातल्या, त्या घालायलाच हव्यात. मी मात्र त्या बातम्यांतल्या मूल घेणाऱ्या जोडप्यांबद्दलची ओळ पुन्हापुन्हा वाचत होते. तीही आमच्यासारखीच कुठल्या तरी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवून आलेली असणार. त्यांनाही कोणीतरी "पुण्याचं काम आहे" असंच सांगितलं असणार. चांगलं काम करतोय असं एकदा मनात पक्कं बसलं, की ते कोणत्या मार्गानं करतोय हे तपासायची गरज वाटेनाशी होते.

माझ्या आजोळी काटोलकडे संत्र्याचा बगीचा होता. वाड्यात दोन जावा. थोरलीला मूल नव्हतं, धाकटीला तीन मुलगे. मधला थोरलीच्या ओटीत घातला, होम झाला, भटजी जेवले. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे मूल द्यायचा अधिकार बापाचा. आईची संमती लागते हे १९५६ च्या कायद्यानं पुढं आणलं, आणि ही गोष्ट त्याच्या आधीची. एकाच वाड्यात, एकाच चुलीवर तो मुलगा वाढला आणि स्वतःच्या आईला काकू म्हणत राहिला. मी पाहिलं तेव्हा काकू म्हातारी होती. सगळे तिच्याबद्दल एकच सांगायचे, "फार मोठ्या मनाची." ती ते ऐकून पदर सारखा करायची आणि उठून आत जायची. ती गेली तेव्हा मी असेन सातवी-आठवीत. ओसरीवर तिचे मुलगे बसले होते. थोरला आणि धाकटा मुंडण केलेले, उघड्या अंगाचे. मधला त्यांच्या शेजारी, डोक्यावर सगळे केस तसेच, तेल लावून मागं वळवलेले. भटजींनी सांगितलं होतं तेवढंच सुतक त्यानं पाळलं. येणारा प्रत्येक जण थोरल्याचे आणि धाकट्याचे हात धरून बोलायचा. मधल्याला कोणी म्हणायचं, "तुमच्या काकू गेल्या." तो मान हलवायचा. दुपारच्या उन्हात ओसरीचे पत्रे तापले होते आणि तो सारखा उजव्या हातानं स्वतःच्या केसांवरून हात फिरवत होता, जणू ते केस त्याला बोचत होते.

काकूला दुःख होतं की नाही, हे मला माहीत नाही. ते विचारायची सोय त्या वाड्यात नव्हती. एकदा 'मोठं मन' असं नाव दिलं, की त्या मनात आणखी काय आहे हे पाहायचं कोणालाच कारण उरत नाही.

तसं पाहिलं तर आपलं हे शहर दत्तकाच्याच प्रश्नावर राज्य गमावलेलं शहर. ११ डिसेंबर १८५३ ला नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले गेले, पोटी मुलगा नव्हता, राण्यांनी घेतलेलं दत्तक डलहौसीनं मानलं नाही आणि १८५४ ला राज्य खालसा झालं. जवाहिर कलकत्त्याला गेलं, हत्ती-घोडे सीताबर्डीला कवडीमोल भावानं विकले गेले. रघूजी स्वतः मुलीच्या वंशातले, दत्तक येऊनच गादीवर बसलेले. शाळेत आम्ही हे सगळं घडाघडा म्हणायचो. पण ज्या मुलाच्या दत्तकावरून हे सगळं घडलं तो केवढा होता, कोणाचा होता, त्याला त्याच्या घरातून उचलून आणताना त्याची आई कुठं होती, हे कोणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गादीसाठी वारस, शेतासाठी वारस, तर्पणाच्या पाण्यासाठी वारस. मूल नेहमी कशासाठी तरी होतं. आजचा कायदा उलट बाजूनं सुरू होतो. तिथं मूल आधी आहे, त्याला घर हवं आहे, आणि ते घर कोण देऊ शकेल हे तपासलं जातं. कायदा बदलला. पंगतीला बसलेल्या माणसांच्या मनात मात्र अजून घेणारे आणि देणारे एवढेच आहेत, मूल मधल्या ताटासारखं.

पेपरात मधूनमधून येतं, दत्तक प्रक्रिया किती किचकट, निपुत्रिक दांपत्यांचे किती हाल, तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. माझं मत वेगळं आहे आणि ते आमच्या गोतावळ्यातल्या बऱ्याच जणांना रुचत नाही. थांबण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांना एका तागडीत घालू नये. संस्थेत पडून असलेलं, ज्याचे कागद कोणी पुढं सरकवत नाही, ज्याला भेटायला वर्षानुवर्षं कोणी येत नाही पण नावाला कुठंतरी नातेवाईक आहे म्हणून जे दत्तकासाठी मोकळं होत नाही, त्या मुलाचं थांबणं हा अन्याय आहे. त्याचा एकेक महिना परत येत नाही. आमचं थांबणं अन्याय नव्हता. आम्हाला त्रास झाला, फार झाला, पण कोणी आमचं काही देणं लागत नव्हतं. मुलावर कोणाचा हक्क नसतो. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुलं कायदेशीर दत्तक गेली, अलीकडच्या वर्षांतला हा मोठा आकडा. वाट पाहणारी घरं त्याच्या कितीतरी पट आहेत. हे व्यस्त प्रमाण ऐकून लोक म्हणतात, मुलं कमी पडून राहिली. मुलं कमी पडतात म्हणजे काय? म्हणजे कोण्या आईला आपलं बाळ ठेवता आलं. ते वाईट कसं?

आणि ज्या मुलांना कोणी विचारत नाही ती तर आहेतच. फॉर्म भरताना दोन वर्षांच्या आतलं, निरोगी, एवढंच मागणारे आपण. सात वर्षांचा मुलगा, एकमेकांना न सोडणारी दोन भावंडं, पाय वाकडा असलेली, ऐकू न येणारी पोर त्या यादीत मागं मागं सरकत जातात. कधी मोठं मूल घरी येतं आणि 'जुळलं नाही' म्हणून परत संस्थेत सोडलं जातं. हे मी ऐकलं तेव्हा मला घास गिळवेना. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर, स्टेशनावर टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांना वाढवलं, बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं, त्यातल्या कित्येकांची लग्नं लावली. अठरा वर्षं पूर्ण झाली की संस्थेतून बाहेर काढायचं हा नियम अशा मुलांना लागू करू नका, म्हणून ते आयुष्यभर भांडत आले. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली. सेवा हा शब्द तिथं शोभतो. उमरेडच्या मावशींना वाकायचंच असेल तर त्यांनी तिकडं जावं. आम्ही एका मुलीचे आईबाप आहोत, जसे मावशी स्वतः कोणाच्या तरी आई आहेत.

गेल्या पावसाळ्यात शंकरनगरच्या चौकातून आलुबोंडे आणले होते. पुडकं सोडलं, बोंडे ताटलीत काढले आणि कागद चुरगळायला घेतला तर आत फोटो. अंगठ्याएवढा, काळा-पांढरा, छपाईची शाई पसरलेली. बाळाचे डोळे मिटलेले, डोक्याला टोपरं, छातीपर्यंत गुंडाळलेला टॉवेल. तेलाचा डाग त्या टोपऱ्याच्या कडेपर्यंत आलेला आणि त्यातून मागच्या पानावरची प्लॉटची जाहिरात उलटी दिसत होती. खाली बारीक अक्षरात मजकूर, वय अंदाजे अमुक दिवस, रंग सावळा, अमुक ठिकाणी मिळून आले, पालकांनी मुदतीत संपर्क साधावा, अन्यथा पुनर्वसनाची कार्यवाही करण्यात येईल. आपण सगळ्यांनी अशा नोटिसा पाहिल्या आहेत, निविदा आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या मधोमध. मी तो कागद सरळ केला. ज्या बाईसाठी हा मजकूर छापला तिच्यापर्यंत तो पोचला असेल का? तिला वाचता येत असेल का? की ती रोज सकाळी कोणाच्या तरी घरचा पेपर उचलून टीपॉयवर ठेवते आणि पान उलटायची तिची हिंमत होत नाही? आलुबोंडे गार झाले. कोणीतरी आधी काहीतरी गमावल्याशिवाय माझ्या घरात हसू आलं नसतं, हे मला रोज ठाऊक असतं. पण त्या दिवशी ते माझ्या हाताला तेलासारखं लागलं.

माझ्या लेकीच्या बाबतीत तिचा मागचा भाग काय, ती संस्थेत कशी आली, हे मी कुठंच लिहीत नाही आणि इथंही लिहिणार नाही. नातेवाइकांनाही सांगितलेलं नाही. सासूबाईंना राग आला होता, "आमच्यापासून काय लपवायचं?" लपवायचं काही नाही. ती तिची गोष्ट आहे. तिच्या आधी गावाला माहीत झाली, तर मोठेपणी तिच्या वाट्याला स्वतःची गोष्टही शिळी येईल. ती आमच्या पोटातून आलेली नाही, हे तिला बोलायला लागण्याआधीपासून माहीत आहे. तिला मांडीवर घेऊन आम्ही ते अंगाईसारखं सांगत आलो. त्यामुळे महालातल्या त्या दुपारी तिला नवीन काही कळलं नाही. कळलं असेल तर एवढंच, की तिच्या असण्याबद्दल कोणीतरी आईच्या पाया पडतं.

'भाग्यवान' हे तिच्या वाट्याला येतं, तेच मला सर्वांत जड वाटतं. गेल्या दिवाळीत तिनं फराळाची ताटली रागानं सरकवून दिली, चिवडा सांडला, ती जोरात रडली. चौथीतली मुलं करतात तसं. एक नातेवाईक बाई म्हणाल्या, "असं करते का बेटा? एवढं केलं तुझ्यासाठी आईबाबानं." त्याच खोलीत त्यांचा नातू मोबाइल हिसकावल्यावर आजोबांना लाथा मारत होता. त्याला कोणी म्हटलं नाही की तुझ्यासाठी एवढं केलं. पोटच्या मुलाला हट्ट करायचा, उलट बोलायचा, दार आपटायचा अधिकार जन्मानं मिळतो. माझ्या मुलीनं मात्र प्रत्येक दार हळू लावावं अशी अपेक्षा. मी चिवडा भरत भरत त्या बाईंना सांगितलं, "तिनं मागितलं नव्हतं काही. आम्हीच मागितली होती ती." त्यांना ते लागलं. लागू द्या. तिला आमचे उपकार फेडायचे नाहीत. तिनं पंधरा वर्षांची होऊन माझ्याशी भांडावं, मला काही कळत नाही असं म्हणावं, माझ्या हातची भाजी नको म्हणून बाहेरून मागवावं. एवढं निश्चिंत तिला इथं वाटावं, म्हणून तर घर असतं.

त्या जेवणानंतर आठ-दहा दिवसांनी मी शेवटी तिला विचारलं. वेणी घालत होते. म्हटलं, मावशी पाया पडल्या तेव्हा तुला काय वाटलं? ती थोडा वेळ कंगव्याच्या दात्यांशी खेळली. "त्या आजी म्हाताऱ्या होत्या न," ती म्हणाली, "त्यांची कंबर दुखली असेल." मग थांबून म्हणाली, "आई, मले आणलं तर तुलेच नमस्कार काहून? माझी पयली आई होती न, तिले?" शाळेतल्या मैत्रिणींमध्ये ती अशीच बोलते, घरी सहसा नाही. माझ्या हातातली वेणी सुटली.

मी म्हटलं, हो, तिलाही. मग ती बरंच विचारत गेली. ती आता कुठं असेल, तिचे केस असेच कुरळे असतील का, तिला आठवत असेन का मी. मला उत्तरं येत नव्हती आणि ती मी बनवलीही नाहीत. नियम तेवढा सांगितला. अठरा वर्षांची झालीस की तुला स्वतः अर्ज करता येतो. संस्थेनं आणि सरकारनं शोधायला मदत करायची असते. आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते. तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाला अर्ज करता येत नाही, मलासुद्धा नाही.

"मग तू येशील का?"

"तू म्हणशील तिथपर्यंत येईन."

"आत नको येऊ. बाहेर बस."

"बसेन."

तिनं मान हलवली, दोन्ही वेण्या पुढं घेतल्या आणि रिबिनी एकसारख्या झाल्या नाहीत म्हणून पुन्हा बांधायला लावल्या.

तिची फाईल कपाटाच्या आतल्या कप्प्यात आहे. रात्री ती झोपल्यावर काढली. संस्थेचे कागद, न्यायालयाचा आदेश, वैद्यकीय तपासणीचा अहवाल. पहिल्यांदा तिची माहिती आली आणि ४८ तासांत होकार कळवायचा होता, तेव्हाची छापील प्रत. दोन पानांची शाई फिकी पडायला लागली आहे. एका ठिकाणचा शिक्का तर तिरपा धरल्याशिवाय वाचता येत नाही. हे कागद माझ्यासाठी सांभाळायचे नाहीत, तिच्यासाठी सांभाळायचे आहेत, आणि अजून नऊ वर्षं टिकायला हवेत. या शनिवारी सगळ्यांच्या साक्षांकित प्रती काढून घेणार आहे, आणि मूळ कागद वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्यावर तिचं नाव लिहिणार आहे.